उमाचा डावा गाल

येळवस, म्हणजे रानात पुजायची वेळ अमावस्या, चार-पाच दिवसांवर आली की आमच्या येरमाळ्याच्या गल्लीत दोन कामं सुरू होतात. घराघरात आंबिलासाठी ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची जमवाजमव चालते, आणि लग्नाच्या पोरींचे फोटो काढायला सुरुवात होते. पहिल्या कामाचा आंबूस वास मला अजून आवडतो. तो आला की माझ्या माहेरचं, बेंबळीचं रान डोळ्यांपुढं उभं राहतं. दुसऱ्या कामाची मला शिसारी येते. साधी नावड नव्हे, शिसारी.

परवा शाळेतून येऊन पाय धुते न धुते तोच शेजारच्या कमलबाई आल्या. मागं त्यांची पूजा.

"बाई, तुमच्याकडं त्यो मोठा कॅमेरा हाय म्हणं. आमच्या पूजाचा एक फोटू काढून द्या की बायोडाट्याला. मोबाईलवर काढला, पर मेलं ते केसं बी धुरकट करून टाकतंय. मागचं सगळं धुरकट आन् तोंड तेवढं झकास, तसला पायजे."

पूजा पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी होती. चौथीला ती माझ्या वर्गात होती. गोष्ट सांगायला उभी राहिली की खाली बसायचं नाव घ्यायची नाही. आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दारात आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

"माझी लेन्स बिघडलीय," मी म्हणाले.

"आसू द्या मग. स्टुडिओतच नेते. त्ये गोरं बी करून देतेत."

लेन्स बिघडलेली नाही. ठणठणीत आहे. लोखंडी कपाटात एका जुन्या रेशमी साडीच्या घडीत ठेवली आहे. फेकून द्यायला हात धजत नाही आणि बाहेर काढून बघवत नाही. पन्नासची लेन्स म्हणतात तिला. काळी, बुटकी, मुठीत मावणारी. ती घेतली त्या हंगामाला आता तीन येळवशी झाल्या.

गोरं करून देणाऱ्यांचा मला स्वतःला अनुभव आहे. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडलांनी, अप्पांनी, मला एका स्टुडिओत नेलं होतं. निळा पडदा, त्यावर रंगवलेला राजवाडा, शेजारी थर्मोकोलचा खांब. त्या माणसानं माझ्या हातात प्लॅस्टिकचा गुलाब दिला. त्या गुलाबावर माझ्याआधीच्या पन्नास पोरींच्या घामाचा चिकटा होता. चार दिवसांनी फोटो आला. तोंड दुधासारखं पांढरं आणि गुलाब धरलेला हात मूळचा, सावळा. हात रंगवायचं बहुतेक विसरला असेल. तो फोटो बघून मला पसंत केलं गेलं. सासूबाईंनी मला पहिल्यांदा समोर पाहिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "फोटूत तर गोरी दिसत हुती." त्या वाईट बाई नाहीत. चांगलं चाललंय आमचं. पण ते वाक्य मी विसरलेले नाही.

उमा माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, त्यामुळं बहीण कमी आणि लेक जास्त. ती नववीत असताना तिच्या डाव्या कानाच्या पाळीखाली पांढरा ठिपका उठला. चिंचोक्याएवढा. दोन वर्षांत तो जबड्यावरून गालावर आला आणि तळहाताएवढा होऊन थांबला. डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड आहे, दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. पण डॉक्टरचं ऐकतो कोण? कुणी बावचीचा लेप सांगितला, त्यानं फोड आले. कुणी रुईचा चीक सांगितला. एका चुलत मावशीनं तर भर लग्नाच्या पंगतीत उमाची हनुवटी वर करून चार बायकांना दाखवलं. तेव्हापासून उमा ओढणी कानावरून घेऊन हनुवटीखाली खोचायला लागली.

घरात तिच्या गालाबद्दल कुणी बोलायचं नाही. अप्पा तिच्याशी बोलताना तिच्या उजव्या बाजूला बसायचे. आई वाढताना उजवीकडून वाढायची. माया होती ती, पण उमाला कळत होतं.

माझ्यासमोर मात्र ती ओढणी सोडायची. मी माहेरी गेले की पहिल्यांदा तिच्या डोक्याला तेल लावून द्यायचं, हा आमचा नेम. ती खाली बसायची आणि डावा गाल माझ्या गुडघ्यावर टेकवून डोळे मिटायची. माझ्यापुढं तिला त्या गालाची आठवणच नसायची. जगात एक माणूस असं होतं, ज्याच्यापुढं तिला तोंड सांभाळावं लागत नव्हतं. ते माणूस मी होते. हे मला तेव्हा माहीत होतं, आणि हे लिहिताना म्हणूनच स्वतःची जास्त किळस येते.

तीन वर्षांपूर्वी तुळशीचं लग्न झालं आणि आई उमाच्या लग्नाचं बोलायला लागली. बायोडेटा तयार झाला. फोटोची जागा रिकामी होती. आई म्हणाली, तुझा काढला त्याच स्टुडिओत नेऊ.

"उमाचा फोटो मी काढणार," मी ताडकन म्हणाले. "खरा फोटो. जशी आहे तशी. मी कॅमेरा घेते."

आमच्या घरात कुणी कधी कॅमेरा घेतलेला नव्हता. पण माझं बोलणं ऐकून उमाच्या तोंडावर जे आलं ते बघून मला वाटलं, आपण काहीतरी मोठं करतोय. केवढी खूश झाले होते मी स्वतःवर!

मग सुरू झाली निवड. दीड महिना मी दुसरं काही केलं नाही. मधल्या सुट्टीत, एसटीच्या खिडकीशी, भाजी निवडताना मोबाईलवर व्हिडिओ. एक पोरगा खोकं फाडून कॅमेरा काढायचा, त्याच्या अंगावरून बोटं फिरवायचा आणि म्हणायचा की नवशिक्यांसाठी याच्यासारखा दुसरा नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या अंगावरून तीच बोटं फिरायची. खाली लोक एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते, कारण एकाच्या कॅमेऱ्याला दुसऱ्याच्यापेक्षा दोन-चार मेगापिक्सेल जास्त होते. ते वाचून अंघोळ करावीशी वाटायची. तरी मी वाचत राहिले.

शाळेतले गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, आता डीएसएलआर कोण घेतंय? त्याच्यातला आरसा काढून टाकलेले कॅमेरे आलेत." आरसा काढून टाकला म्हणजे चांगलं कसं झालं हे त्यांना विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. मी ठरवलं, आपल्याला आरसेवालाच घ्यायचा. सुरुवातीचा, साधा, पण आरसेवाला.

मी एक वही केली होती. डावीकडं कॅमेऱ्यांची नावं, पुढं रकाने: वजन, रंग, स्क्रीन, एक लेन्सचं किट की दोन लेन्सचं. त्याच वहीच्या मागच्या बाजूला आईनं सांगितलेली स्थळं मी उतरून घेत होते. नाव, उंची, रंग, नोकरी, शेती किती. एकीकडून उघडली की कॅमेरे, उलटी करून उघडली की नवरे. दोन्हीकडं सारखेच रकाने, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ती वही मागच्या पाडव्याला सापडली. बंबात घातली तेव्हा बरं वाटलं.

धाराशिवला एका दुकानात आम्ही दोघी गेलो, मी आणि आमच्या शाळेच्या शिंदेबाई. दुकानदार बोलका होता. त्यानं काचेवर दोन खोकी मांडली.

"ह्ये एक लेन्सचं किट, मॅडम. अठरा-पंचावन्न. घरातलं, दारातलं, समदं येतंय. आन् ह्ये दोन लेन्सचं. ही लांबकी लेन्स लांबचं बी जवळ वडून आणतीय. झाडावरचा पक्षी घ्या, स्टेजवरला नवरदेव घ्या."

"मला जवळच्या माणसाचा फोटो काढायचाय," मी म्हणाले.

"मग एकाचंच घ्या. बॅग, पुसायचं फडकं, समदं फुकट."

मी दुकानातच एक फोटो काढून बघितला. काउंटर, त्यावरचा चहाचा पेला, पेल्यावरची माशी, मागच्या भिंतीवर देवीचं कॅलेंडर, कोपऱ्यातला झाडू, सगळं स्पष्ट. झाडूची काडी न् काडी मोजावी असं. मला आनंद झाला. म्हटलं, हेच हवं होतं. सगळं दिसतंय.

"सगळंच दिसतंय त्याच्यात, त्योच तर वांदा हाय," दुकानदार म्हणाला. "पोर्ट्रेट काढायचा का? लगनाच्या पोरीचा? मग ही बगा." त्यानं मागच्या कपाटातून ती पन्नासची काढली, कॅमेऱ्याला चढवली. "हिला झूम न्हाय. आपुनच मागं-म्होरं सरकायचं. पर मागचं कसं इरघळतंय बगा. पिंपल-बिंपल काय दिसत न्हाय. एडिट कराय नगं की काय नगं."

त्यानं माझा फोटो काढला. माझे डोळे लखलखीत आले होते. दुकान नव्हतं, झाडू नव्हता, कानाजवळचे पांढरे केस नव्हते. मला मी आवडले. खोटं कशाला सांगू, त्याच वेळी माझ्या डोक्यात उमाचा गाल येऊन गेला. तो विचार मी बाजूला सारला आणि म्हटलं, ही पण द्या. शिंदेबाई म्हणाल्या, "आवो, पर एक लेन्स हाय की किटात." मी म्हणाले, "असू द्या, फोटो चांगला यायला हवा." निवड माझी झाली होती. कॅमेऱ्याची नव्हे, कशाची ते पुढं कळलं.

येळवशीला आम्ही सगळे बेंबळीला. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा मागं राहत नाही, सगळा गाव रानात. अप्पांनी ज्वारीच्या धाटांची कोप बांधली होती, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले होते. आईनं कालवलेल्या भाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, आंबिलाची घागर असं सगळं चवाळ्यावर मांडलं. ज्वारी नुकती निसवली होती. हरभऱ्याच्या पाल्यावरून हात फिरवला की बोटं आंबट लागत होती. उमानं आईची पोपटी साडी नेसली होती. ती पहिल्यांदा घागरीशी गेली, वाटीभर आंबील घेऊन उभ्यानंच प्यायली, आणि ओठावर पांढरी मिशी घेऊन माझ्याकडं बघून हसली.

मी तेव्हा किटातली लेन्स लावलेली होती. बटण दाबलं. त्या फोटोत सगळं आहे. मागं कोप, कोपेशी वाकलेले अप्पा, शेजारच्या रानातली माणसं, चवाळ्यावर चढणारा मुंगळा. मध्ये उमा. दुपारच्या उन्हात तिचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत पांढरा, आणि ती सरळ माझ्याकडं बघून खदखदा हसतेय. तिचा आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो आहे. मी तो स्क्रीनवर बघितला आणि म्हणाले, "ही नुसती ट्रायल."

मग लेन्स बदलली.

"उमा, जरा डावीकडं बघ."

तिनं बघितलं. "काय हाय अक्का तिकडं?"

"काही नाही. तशीच राहा."

डावीकडं बघितलं की तिचा उजवा गाल माझ्याकडं यायचा. उजव्या डोळ्यावर नेम धरला की तो डोळा पापणीसकट स्पष्ट आणि मागचा जबडा, कान, ज्वारी सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. तरी पहिल्या फोटोत गालाची थोडी कड दिसत होती. "अजून थोडी डावीकडं." मग ऊन सरकलं. "जरा डावीकडं गं." मग तिनं चुकून माझ्याकडं बघितलं. "उमा, डावीकडं म्हटलं ना!" मास्तरणीचा आवाज लागला माझा. सुरुवातीला ती दर वेळी तिकडं खरंच काहीतरी शोधायची. मग शोधायचं थांबली. हसायचीही थांबली, पण मला वाटलं, तोंड मिटलेलंच बायोडेटाला बरं.

फोटो झाले तशी मी बांधावर बसून ते मोठे करकरून बघायला लागले. डाग कुठं राहिला तर नाही ना, हेच तपासत होते, दुसरं काही नाही. मान वर केली तेव्हा उमा माझ्यासाठी आंबील घेऊन उभी होती. तिनं पदर कानावरून घेऊन हनुवटीखाली खोचलेला होता. मी वाटी घेतली आणि प्याले.

फोटोची वाहवा झाली. आईनं मोबाईलला हात लावून बोटं कानशिलावर मोडली. मी ज्याला-त्याला सांगत होते, की यात एकही रंग बदललेला नाही, पावडर नाही, कॉम्प्युटर नाही, जशी आहे तशी. आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता! याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. त्या स्टुडिओवाल्यानं निदान उघड उघड खोटं केलं होतं, सावळा हात तसाच ठेवून. मी एक कण खोटा न मिसळता लबाडी केली, आणि वर शहाणपणा सांगत फिरले.

एकट्या अप्पांनी विचारलं होतं. फोटो बराच वेळ लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ह्याच्यात त्ये दिसंना की गं. सांगावं लागंल का त्यास्नी?"

"आहे त्यात, अप्पा," मी म्हणाले. "नीट बघितलं की दिसतं."

अप्पांनी बेंबळीत चाळीस वर्षं बी-बियाण्यांचं दुकान चालवलं. पिशवीवर लिहिलंय तेच आत आहे, असं सांगून त्यांनी बी विकलं. माझ्या शब्दावर त्यांनी फोटो पाठवून दिला.

पौष गेला आणि माघात उमरग्याकडचे लोक बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. आईनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेव, कोथिंबीर. उमानं ताटल्या आणून दिल्या आणि पाटावर बसली. पदर तिनं घेतला नव्हता, कारण आईनं सांगितलं होतं, तसं लपवलेलं बरं दिसत नाही. आत्या उठल्या. जवळ गेल्या. दोन बोटांत तिची हनुवटी धरली आणि बैलाचे दात बघावेत तसं तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडं फिरवलं.

"ह्ये काय हाय?"

आत्यांनी मान वळवून मुलाकडं बघितलं.

"फोटूत न्हवतं ह्ये."

"हाय की," अप्पा म्हणाले. "फोटूत हाय. आमच्या थोरलीनं काढलाय, ती म्हणली…" आणि ते माझ्याकडं बघायला लागले. सगळेच बघायला लागले. मुलगा मोबाईल काढून एकदा फोटोकडं आणि एकदा उमाकडं बघत होता.

"ते लेन्सचं आहे," मी म्हणाले. "त्या लेन्सनं मागचं अस्पष्ट येतं."

"मागचं?" आत्यांनी हनुवटी तशीच धरून मला विचारलं. "गाल मागं आसतो व्हय कुणाचा?"



ते लोक भांडले नाहीत. कळवतो म्हणाले. ताटल्या अर्ध्या तशाच ठेवल्या. दारात चपला घालता घालता आत्या थांबल्या, हनुवटी धरलेली दोन बोटं अंगापासून लांब धरून म्हणाल्या, "जरा साबण आसंल का?" आई जागची हलली नाही. मीही हलले नाही. उमा उठली, न्हाणीतून साबणाची वडी आणली आणि स्वतः तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्या बाईनं बोटांच्या बेचक्यासुद्धा घासल्या. ते सगळं मी उंबऱ्यात उभी राहून बघितलं. त्या बाईची मला जेवढी किळस आली, तेवढी आयुष्यात कुणाची आली नव्हती. पण ती बाई काही लपवत तरी नव्हती. ती गाडीत बसून गेल्यावर ती किळस जायला हवी होती. गेली नाही. घरातच राहिली, कारण ज्या बाईची यायला हवी ती घरातच होती.

ते गेल्यावर मला वाटलं उमा रडेल. ती रडली तर मला जवळ घेता आलं असतं. ती मोरीत ताटल्या घासत बसली. मी शेजारी बसले.

"उमा, तसल्या माणसांत गेली नाहीस हे बरंच झालं."

"अकरा डाव," ती म्हणाली.

"काय?"

"येळवशीला तू अकरा डाव म्हणलीस, डावीकडं बघ. म्या मोजलं." तिनं ताटली पालथी घातली. "बाकीचे म्हणतेत ते चालतंय अक्का. मला सवय हाय. तू म्हणू नको हुतीस."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे की." त्या दिवसापासून तिनं माझ्याकडून डोक्याला तेल लावून घेतलेलं नाही. आता केसच बारीक केलेत, तेल कशाला, असं म्हणते.

हे खरं आहे. केस तिनं खरंच कापले, मानेपर्यंत. पुढच्या स्थळाचं नाव काढलं तेव्हा तिनं अप्पांना सांगितलं, मी दुकानात बसते. बसली. बी-बियाणं, खत, औषध, सगळं तोंडपाठ झालंय तिला. केस कानामागं टाकते, ओढणी पेटीवर टाकलेली असते. मिरगाच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत डावा गाल उघडा टाकून ती पावत्या फाडत असते. कुणी नवखं गिऱ्हाईक टक लावून बघतं.

"ह्ये काय झालंय गं पोरी?"

"कोड हाय काका. सोयाबीनचं बी कुठलं पायजे?"

काका चपापतात आणि बी सांगतात. शाळेतली पोरं विचारतात, त्यांना ती हात लावून बघू देते. अप्पा आता तिच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचतात. सगळी बेंबळी तो गाल रोज बघते. मला याचा आनंद आहे, मनापासून आहे. फक्त मी दुकानाची पायरी चढले की ती गिऱ्हाइकाला "आलेच" म्हणते, पेटीवरची ओढणी उचलते, खांद्यावर टाकते आणि मग वळून विचारते, "कधी आलीस अक्का?" मी पायरीवर घुटमळते, ती बाजू दिसावी म्हणून डावीकडं सरकते, आणि बोलता बोलता तीही तेवढीच सरकते. तिला हे कळत असेल असं मला वाटत नाही. मला कळतं.

परवा कमलबाई गेल्यावर मी कपाट उघडलं. पन्नासची तशीच ठेवली. किटातली अठरा-पंचावन्न काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि कॅमेऱ्याला लावली. पूजाला निरोप पाठवला, की फोटो काढून देईन, पण जे आहे ते सगळं दिसेल, चालेल का? कमलबाईंनी स्टुडिओत काढलेला फोटोच उलट पाठवला. पूजाच्या मागं राजवाडा नाही, कुठल्या तरी परदेशातला बर्फाचा डोंगर आहे, आणि पूजा त्या बर्फाहून पांढरी आहे. मी तो पुसून टाकला.

काल येळवस झाली. बेंबळीच्या रानात तीच कोप, तेच चुन्याचे पाच दगड. ज्वारी यंदा जरा मागास आहे. कॅमेरा मी पिशवीतून नेला होता, पण बराच वेळ बाहेर काढला नाही. उमा कोपेपुढं उभी राहून शेजारच्या रानातल्या बायकांना भज्जी वाढत होती. कुणीतरी काहीतरी चावट बोललं आणि ती मान मागं टाकून हसली. ऊन नेमकं त्या गालावर होतं. तीन वर्षांपूर्वीचा, ट्रायल म्हणून बाजूला टाकलेला फोटो माझ्यासमोर पुन्हा उभा होता. या वेळी हातात बरोबर लेन्स होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. ती हसतेय तोवर बटण दाबायला हवं होतं. पण तिला न सांगता काढणंही मला चोरीच वाटली, म्हणून मी हाक मारली. नुसतं "उमा" एवढंच म्हणाले.

तिनं पळी पातेल्यात ठेवली. पदर सारखा केला. हसू आवरलं, आणि मी काही म्हणायच्या आत मान डावीकडं वळवून ती ज्वारीकडं बघत उभी राहिली.